उभे ट्रक आणि सोडून ठेवलेले ट्रेलर : चोरी रोखण्यासाठी नेमके काय उपयोगी पडते?

धागाकर्ते : यार्डप्रमुख

ट्रक आणि ट्रेलर यांच्या चोरीचा विषय निघाला की बोलणे लवकरच ‘कुलूप कोणते घ्यावे’ आणि ‘जीपीएस कोणता बसवावा’ या दोन प्रश्नांवर येऊन स्थिरावते. वाहतूक कंपनीच्या यार्डाची जबाबदारी बरीच वर्षे सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे, की हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न असा, की गाडी जागेवर नाही हे आपल्याला किती वेळात कळते आणि कळल्यावर तत्काळ उठून काही करणारा माणूस कोण आहे. कोणतेही कुलूप चोराला कायमचे अडवत नाही; ते त्याची काही मिनिटे खाते. ती मिनिटे आपल्या कामी यायची असतील, तर दुसऱ्या टोकाला कोणीतरी जागे असावे लागते. शुक्रवारी संध्याकाळी सोडलेला ट्रेलर सोमवारी सकाळीच पाहिला जाणार असेल, तर चोराच्या हातात साठ तास असतात आणि साठ तास टिकेल असे कुलूप अजून कोणी बनवलेले नाही. लागून आलेल्या सुट्ट्यांमध्ये माल भरलेले ट्रेलर जास्त जातात, यामागे दुसरे काही गूढ नाही.

ट्रेलरचा धोका ट्रकपेक्षा वेगळा आहे आणि तो आधी समजून घ्यायला हवा. ट्रकला किल्ली असते, केबिनला दरवाजे असतात, बऱ्याच नव्या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, असतो. ट्रेलरला यातले काहीच नसते. फिफ्थ व्हील (ओढणाऱ्या गाडीवरची जबडा असलेली जोडाची तबकडी) आणि किंगपिन (त्या जबड्यात अडकणारा, ट्रेलरच्या पुढच्या भागाखालचा जाड खुंटा) यांची मापे जगभर ठरलेली आहेत. किंगपिनचा व्यास बहुतेक ठिकाणी २ इंच, तर फार अवजड कामासाठी ३.५ इंच असतो. त्यामुळे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, म्हणजे हेड, एका मालकाची आणि ट्रेलर दुसऱ्याचा, असे सर्रास चालते. वाहतूकदारांची ही सोय चोरालाही आयती मिळते. ज्याच्याकडे हेड आहे, त्याला मागे येऊन किंगपिन अडकवणे, हवेच्या नळ्या आणि दिव्यांची वायर जोडणे, ट्रेलरचे आधाराचे पाय वर घेणे आणि निघणे यासाठी फार वेळ लागत नाही; आणि हे करताना तो कोणाला चोर वाटतही नाही, कारण रोजचा चालकही हेच करतो.

म्हणून सोडून ठेवलेल्या ट्रेलरसाठी मी पहिले स्थान किंगपिनच्या कुलपाला देतो. किंगपिनला चहूबाजूंनी झाकणारे हे कवच असले की फिफ्थ व्हीलचा जबडा त्याभोवती बंद होऊ शकत नाही. दुसरे स्थान हवेच्या नळीच्या जोडावर बसणाऱ्या कुलपाचे. ट्रेलरचे पार्किंग ब्रेक हवेने लागत नाहीत, तर हवा नसताना आतल्या जाड स्प्रिंगच्या ताकदीने लागलेले राहतात आणि साधारण ६० पीएसआयच्या आसपास दाब मिळाल्यावर सुटतात. पुरवठ्याच्या लाल नळीचा जोडच बंद केला, तर ट्रेलरला हवा मिळत नाही आणि चाके आवळलेली राहतात. ट्रेलरच्या पायांना कुलूप लावण्याची पद्धतही आहे, पण ज्याला ट्रेलर न्यायचाच आहे तो पाय फरफटत नेऊ शकतो, त्यामुळे तिच्यावर माझा फारसा भरवसा नाही.

एक व्यावहारिक सूचना इथेच सांगतो, कारण ती न पाळल्याने नव्या यार्डांत हमखास नुकसान होते. किंगपिनला कुलूप असताना ते न पाहता चालकाने हेड मागे घेतले, तर कुलूप आणि फिफ्थ व्हीलचा जबडा दोन्ही खराब होतात, आणि मग ‘ही कटकट नको’ म्हणून कुलपेच कोठडीत जाऊन पडतात. कुलपासोबत लाल रंगाची लांब पट्टी हवेच्या जोडाला बांधावी, म्हणजे नळ्या जोडायला गेलेल्या माणसाला ती दिसल्याशिवाय राहत नाही.

गाड्या उभ्या करण्याची रचना फुकट आहे आणि तरीही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. भरलेल्या ट्रेलरचे मागचे दरवाजे भिंतीला किंवा दुसऱ्या ट्रेलरच्या दरवाज्यांना जवळजवळ टेकवून उभे केले, तर कुलूप तोडूनही दार उघडत नाही. रिकामे ट्रेलर बाहेरच्या रांगेत आणि भरलेले आतल्या रांगेत ठेवावेत. फाटकाकडे जाणारी वाट रात्री एखादी अवजड गाडी आडवी लावून बंद करावी. अर्थात त्या गाडीची किल्ली फाटकाजवळच्या खिळ्याला टांगलेली नसावी.

आणि शेवटी नोंदवही. कोणता ट्रेलर कोणत्या जागेवर, कधी आला, कोणी सोडला, भरलेला की रिकामा, सील क्रमांक काय, हे लिहिलेले असेल आणि रात्रपाळीचा माणूस ठरावीक वेळाने प्रत्यक्ष फिरून क्रमांक ताडून पाहत असेल, तर चोरी काही तासांच्या आत कळते. ‘फेरी मारली’ अशी सही करणे वेगळे आणि ट्रेलरचा क्रमांक वाचून लिहिणे वेगळे. मी दुसऱ्या पद्धतीचा आग्रह धरतो. इतर सदस्यांनी आपापल्या कामाच्या बाजूने यात भर घालावी.

प्रतिसाद : वंगण

धागा उपयुक्त आहे. मी दुरुस्तीच्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे ही साधने कुठे कमी पडतात ते सांगतो.

हवेच्या जोडाचे कुलूप अनोळखी चोराला थांबवते, जाणकाराला नाही. स्प्रिंग ब्रेकच्या प्रत्येक चेंबरसोबत, म्हणजे ती स्प्रिंग जिच्यात असते त्या डबीसोबत, एक लांब बोल्ट दिलेला असतो. हवा गेलेली गाडी ओढून न्यायची वेळ आली, तर तो बोल्ट चेंबरमध्ये घालून पान्याने स्प्रिंग आवळता येते आणि ब्रेक सुटतो. ही दुरुस्तीची सोय आहे आणि ती असायलाच हवी, पण याचा अर्थ असा की गाडीखाली शिरून प्रत्येक चेंबरवर हे काम करणाऱ्याला हवेची गरज उरत नाही. तरीही ते कुलूप लावावे असेच मी सांगेन, कारण दोन ॲक्सलच्या ट्रेलरखाली पाठीवर पडून चार चेंबर मोकळे करायला वेळ लागतो, आवाज होतो आणि असे काम करणारा माणूस यार्डात नळ्या जोडणाऱ्या चालकासारखा दिसत नाही. यार्डप्रमुखांनी मिनिटे खाण्याबद्दल जे लिहिले आहे, ते इथे नेमके लागू पडते.

किंगपिनच्या कुलपांत दर्जाचा फरक फार मोठा असतो. ओतीव ॲल्युमिनियमची स्वस्त कुलपे घणाच्या काही घावांत तडकतात. कठीण केलेल्या पोलादाचे, कुलपाचे तोंड आत खोल असलेले आणि किंगपिनभोवती मोकळे न हलणारे कुलूप घ्यावे. जे सैल हलते, त्याच्यात पहार घालायला जागा मिळते. दारांसाठी टांगती कुलपे घेताना युरोपीय मानक ईएन १२३२० प्रमाणे दिलेली श्रेणी पाहावी. ती १ पासून ६ पर्यंत असते आणि ६ ही सर्वांत वरची. कुलपाची कडी उघडी असेल, तर बॅटरीवर चालणारा ग्राइंडर ती थोड्याच वेळात कापतो, म्हणून कडी झाकणारे कुलूप किंवा झाकणारी पेटी जास्त चांगली.

मात्र कुलपाइतकेच लक्ष दाराच्या बाकीच्या भागांकडे द्यावे. चोर अनेकदा कुलपाला आणि सीलला हातच लावत नाही. दाराचा दांडा जिथे मुठीला जोडलेला असतो, तिथला रिव्हेट छिद्र पाडून काढायचा, मूठ सीलसकट बाजूला करायची, माल काढायचा आणि नवा रिव्हेट ठोकून त्यावर रंगाचा हात फिरवायचा, ही जुनी युक्ती आहे. बिजागऱ्यांचे नट बाहेरून सुटत असतील, तर पूर्ण दारच खाली उतरते. असे सगळे नट-बोल्ट वेल्डिंगचा ठिपका देऊन बंद करावेत. मुठीजवळ एकच रिव्हेट बाकीच्यांपेक्षा चकचकीत दिसला, तर ट्रेलर पुढे पाठवण्याआधी चौकशी करावी.

प्रतिसाद : लांबपल्ला

चालकांच्या बाजूने लिहितो. चोरी झाली की पहिला संशय चालकावर घेतला जातो, आणि काही प्रकरणांत तो खराही असतो, पण चालकाला सुरक्षितपणे गाडी उभी करायला जागा मिळते का, हा प्रश्न मालक लोक क्वचितच विचारतात. गाडी चालवण्याच्या तासांना कायद्याची मर्यादा असते. ती संपत आली की जिथे जागा मिळेल तिथे थांबावे लागते, आणि चांगल्या थांब्यांवर संध्याकाळी जागा उरलेली नसते. थांबे कुठे घ्यायचे हे निघण्याआधी ठरवून त्याप्रमाणे निघण्याची वेळ लावणे, हे कार्यालयाचे काम आहे आणि चोरी रोखण्याचाच तो भाग आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये सुरक्षित ट्रक थांब्यांसाठी कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा चार पातळ्या ठरवून दिल्या. कुंपण, उजेड, कॅमेरे, येणाऱ्या-जाणाऱ्यांवरील नियंत्रण अशा गोष्टी त्यात चढत्या क्रमाने येतात. ज्या भागात अशी वर्गवारी नाही, तिथेही याच निकषांवर थांबा पारखता येतो.

उत्तर अमेरिकेतले वाहतूकदार एक नियम सांगतात, की माल भरून निघाल्यावर पहिल्या २०० मैलांत थांबू नये. गोदामाच्या बाहेर कोणता माल भरला जातो हे पाहून मागे लागलेली टोळी पहिल्या थांब्याची वाट पाहत असते; इतका लांब पाठलाग करणे तिला परवडत नाही. हा नियम पाळायचा, तर चालकाने गोदामावर पोटभर विश्रांती घेऊन, टाकी भरून आणि नैसर्गिक विधी उरकून निघायला हवे. तिथे सात तास रांगेत उभे करून ठेवल्यावर त्याच्याकडून ही अपेक्षा करता येत नाही.

इंजिन चालू ठेवून खाली उतरणे हे ट्रक जाण्याचे सर्वांत सोपे कारण आहे. थंड प्रदेशात इंजिन चालू ठेवावे लागते हे खरे. त्यासाठी किल्ली काढल्यावरही इंजिन चालू राहील, पण कोणी पार्किंग ब्रेक सोडला की ते बंद पडेल, अशी उपकरणे मिळतात. ती बसवावीत. किल्ल्यांबद्दलही एक सांगायचे आहे. काही ताफ्यांत सोयीसाठी सर्व ट्रकना एकच किल्ली चालते. ती एक किल्ली हरवली किंवा नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे राहिली, की पूर्ण ताफा उघडा पडतो.

थांब्यावरून निघताना गाडीभोवती एक फेरी मारून सील हाताने तपासावे. डोळ्यांनी पाहा, क्रमांक कागदाशी ताडून पाहा, ओढून पाहा आणि पिळून पाहा. बोल्टचे सील कापून गोंदाने पुन्हा चिकटवलेले असेल, तर ते पिळल्यावर सुटते. नुसते पाहून कळत नाही.

प्रतिसाद : नवीनगाडी

सील लावलेले असताना वेगळ्या कुलपाची गरज का पडावी, हे कोणी समजावून सांगेल का?

उपप्रतिसाद : वंगण

सीलचे काम दार उघडले गेले की नाही हे सांगण्याचे आहे, दार बंद ठेवण्याचे नाही. आयएसओ १७७१२ या मानकात सीलचे तीन वर्ग आहेत : फक्त खूण दाखवणारे, थोडा प्रतिकार करणारे आणि उच्च सुरक्षेचे. उच्च सुरक्षेच्या वर्गातले बोल्ट सील सुमारे १० किलोन्यूटन ताण सहन करते, म्हणजे हाताने तुटत नाही, पण बोल्ट कापण्याच्या मोठ्या कात्रीपुढे ते टिकत नाही आणि टिकावे अशी अपेक्षाही नाही.

प्रतिसाद : सिग्नल

मी वाहनांवर ट्रॅकर बसवण्याचे काम करतो. यार्डप्रमुखांनी जीपीएसला दुसऱ्या क्रमांकावर ठेवले, याचे मला वाईट वाटलेले नाही; उलट ट्रॅकर विकत घेऊन निश्चिंत झालेले ग्राहकच आम्हाला जास्त त्रासाचे पडतात.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा संदेश इथपर्यंत येताना अतिशय क्षीण झालेला असतो. त्यामुळे चालकाच्या केबिनमध्ये लावलेला लहानसा जॅमरही (संदेश अडवणारे उपकरण) तो बुडवू शकतो, आणि त्याच उपकरणाने मोबाइलचा संपर्कही तोडता येतो. जॅमर वापरणे बहुतेक देशांत गुन्हा आहे, पण चोराला त्याचे काय? अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळाची उपग्रहावर आधारित मार्गदर्शन यंत्रणा मधूनमधून बिघडत होती, आणि शोध घेतल्यावर जवळच्या महामार्गावरून जाणाऱ्या एका कंपनीच्या गाडीतला जॅमर सापडला. तो चोराचा नव्हता. आपण कुठे आहोत हे स्वतःच्याच मालकाला कळू नये म्हणून चालकाने तो लावला होता. २०१३ मध्ये त्याला दंड ठोठावण्यात आला.

यावर उपाय असा, की ट्रॅकरकडून संदेश येणे थांबले हीच धोक्याची सूचना मानायची. ट्रेलर उभा आहे, बॅटरी भरलेली आहे, त्या जागी मोबाइलचे जाळे नेहमी चांगले असते आणि तरीही संदेश थांबले, तर कोणीतरी लगेच उठून पाहायला हवे. चांगल्या उपकरणांत जॅमिंग ओळखण्याची सोय असते. जॅमिंग जाणवले की ते स्वतः भोंगा वाजवू शकते किंवा उभ्या ट्रकचे इंजिन सुरू होऊ देत नाही. दुसरा उपाय म्हणजे वेगळ्या तत्त्वावर चालणारे दुसरे उपकरण. अमेरिकेत लोजॅक ही यंत्रणा १९८६ पासून उपग्रहाऐवजी रेडिओ लहरींवर चालत आली, आणि बंद कंटेनरमध्ये किंवा तळघरात लपवलेली गाडी शोधताना अशा रेडिओ उपकरणांचा अजूनही उपयोग होतो. ट्रकमध्ये एक ट्रॅकर सहज सापडेल अशा जागी असू द्यावा आणि दुसरा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, दिवसातून मोजकेच संदेश पाठवणारा, खोल लपवावा. पहिला काढून फेकल्यावर चोर निर्धास्त होतो.

हेड आणि ट्रेलर यांना वेगवेगळे ट्रॅकर लागतात. ट्रेलरला स्वतःची वीज नसल्याने त्याचा ट्रॅकर सौर पट्टीवर किंवा दीर्घकाळ टिकणाऱ्या बॅटरीवर चालवावा लागतो. तो धातूच्या पेटीत आतल्या बाजूला लावला, तर संदेश बाहेर पडत नाही, ही चूक अजूनही होताना दिसते.

इंजिनाच्या संगणकाबद्दलही लिहायला हवे. नव्या ट्रकमध्ये चोर कुलूप तोडत बसत नाही. निदानासाठी दिलेल्या जोडाला स्वतःचे यंत्र लावून नवी किल्ली ओळखवतो. तो जोड चालकाच्या पायाजवळ सहज हाती लागेल असा असतो. त्याला कुलूप लावावे, शक्य असल्यास त्याची जागा बदलावी, आणि इंधनाचा किंवा स्टार्टरचा पुरवठा तोडणारे छुपे बटण बसवावे. बटणाची जागा मात्र प्रत्येक ट्रकमध्ये वेगळी असावी.

प्रतिसाद : चाकोरी

चोरी कळताच कार्यालयातून संगणकावर एक बटण दाबून धावत्या ट्रकचे इंजिन बंद करता आले, तर बाकी कशाचीच गरज उरणार नाही. अशी सोय उपलब्ध असताना लोक ती का घेत नाहीत?

उपप्रतिसाद : सिग्नल

सोय उपलब्ध आहे, पण ती तुम्ही म्हणता तशी वापरू नये. धावत्या अवजड गाडीचे इंजिन अचानक बंद झाले, तर सुकाणूला मिळणारी यंत्राची मदत जाते, हवेचा कॉम्प्रेसर थांबतो आणि मागून येणाऱ्यांना काहीही सूचना मिळत नाही. गाडी जबरदस्तीने पळवलेली असेल, तर आपला चालक आतच असण्याची शक्यताही असते. म्हणून दुरून दिलेली आज्ञा गाडी थांबून इंजिन बंद झाल्यावर ते पुन्हा सुरू होऊ न देण्यापुरती असावी, किंवा वेग टप्प्याटप्प्याने उतरवणारी असावी, आणि तीही पोलिसांशी बोलूनच द्यावी.

उपप्रतिसाद : लांबपल्ला

याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. कार्यालयात बसलेल्या माणसाला पडद्यावर एक ठिपका दिसतो. उतार, वळण आणि शेजारची मोटारसायकल दिसत नाही. सदोष संदेशावरून स्वतःच्याच चालकाची गाडी बंद पडण्याचा धोकाही यात आहे.

प्रतिसाद : बोजापत्र

आतापर्यंतची चर्चा कुलूप तोडणाऱ्या चोराबद्दल झाली. मी मालाच्या कागदपत्रांचे काम पाहतो आणि माझ्या टेबलावरून दिसणारा चोर कोणतेच कुलूप तोडत नाही. आपणच त्याला माल भरून देतो, सील लावून देतो आणि फाटक उघडून देतो.

पद्धत अशी असते. माल पाठवायचा आहे ही माहिती ऑनलाइन मंचावर टाकली जाते. चोर एखाद्या खऱ्या, नावाजलेल्या वाहतूक कंपनीचे नाव, परवाना क्रमांक आणि विम्याचे कागद मिळवतो, तिच्या ई-मेलच्या पत्त्यात एकच अक्षर बदलून नवा पत्ता तयार करतो आणि कामाची मागणी करतो. भाडे थोडे कमी सांगतो, प्रश्न विचारत नाही आणि लगेच गाडी पाठवतो. दारावर कंपनीच्या नावाची चुंबकाने चिकटणारी पाटी लावलेला ट्रक वेळेवर येतो. त्याहून बिकट प्रकार असा, की चोर स्वतः ट्रक पाठवतच नाही. दलाल असल्याचे भासवून तो ते काम दुसऱ्या एका प्रामाणिक वाहतूकदाराला देतो आणि माल वेगळ्याच गोदामावर उतरवायला सांगतो. तो बिचारा चालक सगळे नियम पाळून चोरीचा माल पोहोचवतो आणि त्याला भाडेही मिळत नाही. माल पोहोचला नाही हे मूळ मालकाला कळते तेव्हा त्या गोदामातून तो पुढे गेलेला असतो.

याला एकही लोखंडी उपाय नाही. उपयोगी पडते ती फोन उचलून खात्री करण्याची सवय. ई-मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करणे म्हणजे चोरालाच ‘तू खरा आहेस का’ असे विचारणे होय; क्रमांक सरकारी नोंदीतून किंवा आपल्या जुन्या कागदांतून स्वतंत्रपणे शोधून तिथे फोन करावा. ज्या कंपनीचे संपर्क-तपशील नुकतेच बदलले आहेत, तिच्याबाबत अधिक चौकशी करावी. माल उचलण्यासाठीचा संकेतांक गाडी येण्याच्या थोडा वेळ आधी खात्री केलेल्या क्रमांकावर द्यावा. फाटकावर चालकाचा परवाना, गाडीची पुढची-मागची पाटी आणि दारावरचे नाव यांचे छायाचित्र घ्यावे आणि ते नेमलेल्या कंपनीशी जुळत नसेल, तर भरणे सुरू करू नये. एकदा ट्रेलर भरला की ‘आता परत कुठे उतरवणार’ या संकोचाने माणसे गप्प बसतात. वाटेत पोहोचवण्याचा पत्ता बदलण्याची विनंती आली, तर ती मूळ माल पाठवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही दुजोरा दिल्याशिवाय मानू नये.

माहिती आतून बाहेर जाते, हेही तितकेच खरे आहे. कोणत्या ट्रेलरमध्ये काय आहे हे फाटकावरच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिण्याची प्रथा मी पाहिली आहे आणि ती मला आजवर समजलेली नाही.

प्रतिसाद : छोटाट्रेलर

माझ्याकडे पिकअपमागे ओढायचा लहान ट्रेलर आहे, त्यावर मी अवजारे नेतो. किंगपिन वगैरे त्याला नाही, गोल बॉलवर बसणारा जोड आहे. जोडाला कुलूप लावले आहे. एवढे पुरेल का?

उपप्रतिसाद : वंगण

पुरणार नाही. जोडाला कुलूप असले तरी पुढच्या दांड्याला साखळी गुंडाळून असा ट्रेलर ओढून नेता येतो. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाचे कुलूप आणि सुटा उभा असतानाचे कुलूप ही दोन वेगळी साधने आहेत, ती दोन्ही घ्यावीत, आणि शिवाय चाकाला पकडणारा क्लॅम्प लावावा, म्हणजे चाक फिरणारच नाही. ट्रेलर बराच काळ उभा राहणार असेल, तर एक चाक काढून घरात ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. अवजारे मात्र त्यात ठेवू नयेत.

प्रतिसाद : सर्वेक्षक

विम्याचे दावे तपासण्याचे काम करत असल्याने दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. मालवाहतुकीच्या अनेक विमा करारांत, माल भरलेली गाडी कोणी लक्ष ठेवायला नसताना उभी असेल, तर कोणती काळजी घेतलेली असावी हे लिहिलेले असते : कुलपे कोणती, यार्डाला कुंपण असावे की नाही, ट्रॅकर चालू असावा की नाही. मालक विमा घेतो, कुलपे खरेदी करतो, पण ती त्या रात्री लावलेली होती याचा पुरावा ठेवत नाही. ट्रेलर सोडताना किंगपिनच्या कुलपाचे आणि सीलचे छायाचित्र काढणे दोन मिनिटांचे काम आहे आणि दाव्याच्या वेळी ते निर्णायक ठरते. ट्रॅकरच्या वर्गणीची मुदत संपलेली असणे हेही वारंवार दिसते.

ओळखीच्या खुणांबद्दल : वाहनाचा ओळख क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० यांच्यासारखी दिसतात. जुना ट्रेलर विकत घेताना क्रमांकात यातले एखादे अक्षर आढळले, तर तो बनावट आहे असे समजावे. चोर चासीवरचा ठोकलेला क्रमांक घासून काढतात. पण क्रमांक ठोकताना खालच्या धातूची रचनाही दाबली जाते, त्यामुळे आम्लाचा वापर करून तो अनेकदा पुन्हा वाचता येतो. तरीही प्रयोगशाळेपर्यंत गोष्ट जाऊ देण्यापेक्षा ट्रेलरच्या सांगाड्यावर तीन-चार न दिसणाऱ्या जागी तोच क्रमांक कोरून ठेवावा, किंवा सूक्ष्म सांकेतिक ठिपक्यांचा फवारा मारून घ्यावा. सगळे शोधून पुसणे चोराला जड जाते, आणि चोरीचा ट्रेलर विकत घेणाऱ्यालाही तो धोका नको असतो.

कंटेनर वाहणाऱ्यांसाठी आणखी एक : कंटेनरवरच्या क्रमांकातला शेवटचा अंक आयएसओ ६३४६ प्रमाणे आधीच्या अक्षर-अंकांवरून काढलेला असतो. चोराने घाईत एखादा आकडा रंगवून बदलला, तर हा हिशेब बहुधा जुळत नाही. फाटकावरच्या संगणकात ही तपासणी सहज बसवता येते.

प्रतिसाद : यार्डप्रमुख

सर्वांच्या प्रतिसादांबद्दल आभार. बोजापत्र यांच्या मुद्द्यानंतर मी आमच्या फाटकावरचा क्रम बदलतो आहे : आधी ओळख पटवणे, मग छायाचित्र, मग भरण्याच्या जागेचा क्रमांक. आतापर्यंत जागेचा क्रमांक सर्वांत आधी दिला जात होता.

मोठ्या ताफ्याच्या मालकांनी मालवाहतुकीतील चोरी रोखण्यासाठी काम करणाऱ्या टापा या संघटनेची मानके वाचावीत. ही संघटना १९९७ पासून काम करते आणि तिची ट्रक वाहतुकीसाठी, गोदामांसाठी आणि थांब्यांसाठी स्वतंत्र मानके आहेत. ती जशीच्या तशी अमलात आणणे लहान वाहतूकदाराला परवडणारे नाही, पण तपासणीची यादी म्हणून त्यांचा चांगला उपयोग होतो.

खाजगी संदेशातून एका सदस्याने विचारले आहे, की चोरी कळल्यावर पहिल्या तासात नेमके काय करावे. आमच्याकडे प्रत्येक ट्रक आणि ट्रेलरचे एक पान तयार असते. त्यावर ओळख क्रमांक, नोंदणी क्रमांक, रंग, चारही बाजूंची छायाचित्रे, पोचे, जोडलेले पत्रे, वेगळ्या रंगाचा मडगार्ड अशा नजरेत भरणाऱ्या खुणा, आणि ट्रॅकर कंपनीचा चोवीस तास चालणारा क्रमांक असतो. ट्रेलरच्या छतावर मोठ्या अक्षरांत आमचा क्रमांक रंगवलेला आहे, तोही त्या पानावर लिहिलेला असतो. हेलिकॉप्टरमधून किंवा ड्रोनमधून शोधणाऱ्यांना बाजूची पाटी दिसत नाही, छत दिसते. रात्रपाळीच्या माणसाने हे पान आधी पोलिसांना, मग ट्रॅकर कंपनीला, मग मालाच्या मालकाला आणि विमा कंपनीला पाठवायचे आणि त्यासाठी कोणाचीही परवानगी घ्यायची नाही, असे लेखी देऊन ठेवले आहे. साहेबांना झोपेतून उठवावे की नाही, या विचारात पूर्वी सर्वाधिक वेळ जात असे. ट्रॅकरवर गाडी दिसत असली, तरी कोणीही स्वतः तिच्या मागे जायचे नाही. ठिकाण पोलिसांना कळवत राहायचे.

हे पान दर सहा महिन्यांनी, आणि गाडीला नवा रंग किंवा नवा पत्रा लागला की त्याच दिवशी, बदलावे लागते. ते काम आमच्याकडे टायर तपासणाऱ्या माणसाला दिले आहे, कारण प्रत्येक गाडीभोवती फिरणारा तो एकटाच आहे.